लेकीला अमेरिकेत ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग’मध्ये मास्टर्स करायचंय. हे नेमकं काय प्रकरण आहे?

कंपूवाली

मंडळी, नमस्कार. ग्वाल्हेरहून लिहितेय. इथे पाच-सहा वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची लेक शारीरिक शिक्षणाच्या चार वर्षांच्या पदवीला आहे, आता तिसरं वर्ष. हॉकी खेळते. मुलींची राज्य हॉकी अकादमी आपल्याच गावात, तिथल्या मुलींना बघत बघत हिने सातवीत स्टिक धरली ती धरलीच. बारावी आर्ट्समधून, कारण सकाळ-संध्याकाळ मैदान आणि मधल्या वेळात फिजिक्सची ट्यूशन हे जमणार नव्हतं. आम्ही मनाशी धरून चाललो होतो की एमपीएड (शारीरिक शिक्षणातली मास्टर्स) करेल, नेट देईल, कुठेतरी लागेल.

गेल्या मे महिन्यात एका स्पर्धेला दुसऱ्या गावी गेले होते. दुपारी साडेतीनची मॅच. (दुपारी साडेतीनला मॅच ठेवणाऱ्याला काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही.) हिच्या संघातली एक मुलगी धावता धावता वाकडी चालायला लागली, असंबद्ध बोलायला लागली आणि पडली. मैदानावर पाण्याचा एक कॅन आणि ग्लुकोजचा डबा, एवढंच सामान. कुणी तळपाय चोळतंय, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतंय, कुणी बेशुद्ध मुलीच्या तोंडात पाणी ओततंय. गाडी येईस्तोवर पाऊण तास गेला. मुलगी वाचली, पण आठ दिवस हॉस्पिटलात होती, मूत्रपिंडावर परिणाम झाला होता.

तेव्हापासून आमच्या बाईसाहेबांचं एकच. अशा वेळी मैदानावर जो माणूस हवा असतो, तो मला व्हायचंय. मोबाइलवर शोधून तिने शब्द आणला, अ‍ॅथलेटिक ट्रेनर. त्यासाठी अमेरिकेत मास्टर्स करावं लागतं म्हणते. तिच्या बाबांचा प्रश्न: “ट्रेनर व्हायला अमेरिका कशाला? सिटी सेंटरला चार जिम आहेत.”

कुणाला अनुभव असेल तर सांगा. खर्च, पात्रता आणि मुख्य म्हणजे परत आल्यावर पुढे काय?

सराफ्यातली_कचोरी

वाचतोय. माझा भाचाही असंच काहीतरी म्हणत होता.

ओहायोचा_लष्करकर

ताई, धागा बघून राहवलं नाही. मी मूळ ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, जिवाजीगंजात वाढलो. फिजिओथेरपी इंदूरहून, मग इथे येऊन अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स. आता एका कॉलेजच्या संघांबरोबर काम करतो. सवडीने दोन-तीन हप्त्यांत लिहीन.

आधी बाबांचा प्रश्न. नावाने घोळ केलाय हे खरं. आपल्याकडे ट्रेनर म्हणजे डंबेल मोजणारा. क्रिकेटमध्येही ट्रेनर म्हणजे संघाला पळवून घेणारा. इथे अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे आरोग्यसेवेतला माणूस. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये त्याला वैद्यकीय सहायक व्यवसायांत धरलं. संघटना त्याहून जुनी, १९५० ची, कॅन्सस सिटीत सुरू झालेली. कॅलिफोर्निया सोडलं तर सगळ्या राज्यांत हे काम कायद्याखाली येतं, परवाना किंवा नोंदणी असल्याशिवाय करता येत नाही. एवढं मोठं राज्य तेवढंच का अडून बसलंय, ते आम्हालाही कळत नाही.

पूर्वी हा चार वर्षांच्या पदवीचा विषय होता. त्याच्याही आधी अनुभवी ट्रेनरच्या हाताखाली ठरावीक तास भरून परीक्षेला बसता यायचं, ती वाट २००४ ला बंद झाली. मग २०१५ मध्ये ठरलं की या व्यवसायाची मूळ पदवी मास्टर्सच असेल. २०२२ चं फॉल (ऑगस्टच्या सुमाराचं) सत्र सुरू झाल्यानंतर पदवी अभ्यासक्रमांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणजे आता दार एकच: मान्यताप्राप्त मास्टर्स, साधारण दोन वर्षांचं, उन्हाळ्याच्या सत्रांसकट. त्यानंतर बोर्डाची परीक्षा, १७५ प्रश्न, चार तास. गुण २०० ते ८०० च्या पट्टीवर, पास व्हायला ५००. मान्यता देणारी संस्था एकच आहे आणि तिची यादी उघड आहे. कॉलेज त्या यादीत नसेल तर तिथून काहीही शिकलात तरी परीक्षेला बसू देत नाहीत. हे ठळक अक्षरात लिहितोय, कारण ‘आंतरराष्ट्रीय स्पोर्ट्स ट्रेनर’ची ऑनलाइन प्रमाणपत्रं विकणारे आपल्याकडे बोकाळलेत. माझ्या एका ज्युनियरने अशापायी ऐंशी हजार घालवले.

इंदूरची_फिजिओ

ओहायोकर, माहिती चांगली आहे, पण एक सांगा. तपासणं, टेपिंग, व्यायाम देऊन परत मैदानावर उतरवणं, हे सगळं स्पोर्ट्स फिजिओ करतातच. मी स्वतः राज्य पातळीच्या दोन संघांबरोबर गेलेय. मग वेगळं काय? नवं नाव आणि डॉलरमधली फी?

आणि कंपूवाली ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. आपल्याकडच्या २०२१ च्या कायद्याने सहयोगी आरोग्य व्यवसायांची जी यादी केली आहे तिच्यात फिजिओथेरपिस्ट आहे, अ‍ॅथलेटिक ट्रेनर हे नाव नाही. तुमची लेक तिकडून शिकून आली तरी इथे तिची नोंदणी कुठल्या नावाने होणार? फिजिओ म्हणून होणार नाही, कारण तिची मूळ पदवी फिजिओची नाही.

ओहायोचा_लष्करकर

फिजिओ ताई, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यावर पुढे लिहितो.

पहिल्यावर थोडं भांडतो. मीही फिजिओच होतो, म्हणून बोलतो. फिजिओच्या खोलीत खेळाडू येतो तो तिसऱ्या दिवशी, सूज घेऊन. आमच्या मास्टर्समध्ये भर असतो पहिल्या तीन मिनिटांवर. मुलगा डोक्यावर पडलाय, हेल्मेट काढायचं की ठेवायचं? मान कुणी धरायची, फळीवर घेताना आवाज कुणाचा? याची तालीम आम्ही इतक्यांदा केली की झोपेत “एक, दोन, तीन, उचला” म्हणायचो. प्रत्येक मैदानाचा आपत्तीचा आराखडा लेखी असतो. एईडी (थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे, रुग्णवाहिका कुठल्या गेटने येणार, त्या गेटची किल्ली कुणाकडे. हसू नका, किल्लीवाचून माणसं गेली आहेत.

२ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत डमार हॅमलिन हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू छातीवर आघात होऊन कोसळला, हृदय थांबलं होतं. सामना टीव्हीवर चालू, अख्खा देश बघत होता. संघाचे सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी तिथेच सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबत राहिले. हॅमलिन वाचला आणि त्याच वर्षी परत खेळलाही. त्यानंतर इथे लोकांना आमच्या कामाचं नाव तरी कळलं. तोवर माझी घरमालकीण मला “पर्सनल ट्रेनर” म्हणायची आणि वजन कमी करायचे उपाय विचारायची.

आता ताईंच्या लेकीने पाहिलं त्याबद्दल, कारण आमच्या अभ्यासात यावर सगळ्यात जास्त कीस पाडतात. तिने वर्णन केलं ते साधं ऊन लागणं नव्हतं. श्रमाने येणारा उष्माघात होता. दोन खुणा: शरीराच्या आतलं तापमान चाळीस अंशांच्या पुढे आणि डोकं ठिकाणावर नसणं. वाकडं चालणं, असंबद्ध बोलणं ही दुसरी खूण. यात नियम एकच, आधी थंड करा, मग हलवा. गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं, पाणी हलतं ठेवायचं, पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९ च्या खाली आणायचं. काखेतलं किंवा कपाळावरचं तापमान खोटं बोलतं, गुदद्वारातूनच मोजावं लागतं. आपल्याकडे हे ऐकून लोक लाजतात, पण दुसरा भरवशाचा मार्ग नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये फालमाउथची रस्त्यावरची शर्यत असते, भर ऑगस्टात. तिथे १८ वर्षांत असे २७४ धावपटू बर्फाच्या टबात घातले, एकही दगावला नाही. उलट २००१ मध्ये कोरी स्ट्रिंगर नावाचा ऐन भरातला व्यावसायिक फुटबॉलपटू सरावात उष्माघाताने गेला. त्याच्या नावाची संस्था आज कनेटिकटच्या विद्यापीठात हेच शिकवते.

आणि टब नसेल तर ताडपत्री. पाच-सहा जणांनी कडा वर धरायच्या, मध्ये खेळाडू, वरून बर्फ आणि पाणी, आणि पाळण्यासारखं हलवत राहायचं. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ च्या वरही जातो आणि बर्फाची लादी कुठेही मिळते. हे ज्ञान आपल्या प्रत्येक मैदानावर हवं, त्याला मास्टर्सही लागत नाही.

निवृत्त_पीटी

ओहायोकर, वाचून अंगावर काटा आला. मी १९७३ ला आपल्या शारीरिक शिक्षणाच्या लक्ष्मीबाई कॉलेजातून बाहेर पडलो. सत्तावन्नच्या समराला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५७ मध्ये, राणीच्या नावाने काढलेलं कॉलेज. आता अभिमत विद्यापीठ आहे. शरीरक्रिया उत्तम शिकवायचे, आमचा पाया पक्का झाला. पण मैदानावरचा प्रथमोपचार म्हणजे टिंक्चर आयोडीन, पट्टी आणि शिक्षकांचा दम.

पुढे शाळेत पस्तीस वर्षं पीटी शिकवलं. मुलगा पडला की पाणी मारा, उभा करा, चालायला लावा. डोक्याला लागलं तरी तेच. आता वाटतं, देवानेच निभावून नेलं.

सराफ्यातली_कचोरी

सर, अवांतर: २४ फेब्रुवारी २०१० ला रूपसिंह स्टेडियमवर होतात का? सचिनचे दोनशे?

निवृत्त_पीटी

होतो की. तिकीट अजून देव्हाऱ्यात आहे. पण धागा भरकटवू नका.

लेले_काकू_बडोदा

कंपूवाली, खर्चाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलते. माझा पुतण्या याच कोर्ससाठी गेला होता, आता परवाना घेऊन नोकरीत आहे. पूर्वी लोक पदवीनंतर परीक्षा पास होऊन मग मास्टर्स करायचे आणि कॉलेज त्यांना संघाचं काम देऊन फी माफ करायचं, वर पगार. आता मास्टर्स हीच पहिली पायरी, म्हणजे शिकत असताना हातात परवाना नाही. परवाना नाही तर ती असिस्टंटशिपही नाही. दोन वर्षांची जवळजवळ पूर्ण फी आम्ही खिशातून भरली. शिवाय क्लिनिकलचे तास इतके की कॅम्पसवर दुसरं काम करायला वेळच उरत नाही. त्यात किमान चार आठवडे असे की वर्ग बंद, पूर्णवेळ संघाबरोबर किंवा दवाखान्यातच. ऑगस्टमध्ये फुटबॉलचा सराव सुरू झाला की पोरगा पहाटे साडेपाचला पाण्याची पिंपं भरायचा. आईला फोनवर म्हणाला, “मी इथे पाणक्या झालोय.”

ओहायोचा_लष्करकर

काकू, पाणक्याचं अगदी खरं! माझं पहिलं सत्र बर्फ आणि टेपमध्येच गेलं. घोट्याला टेप लावायचा, प्रीसेप्टर म्हणजे आमच्यावर देखरेख करणारे ट्रेनर, ते बघणार, “सुरकुती आहे, काढ” म्हणणार, परत लावायचा. एका दिवसात चाळीस घोटे. सुरकुतीने फोड येतो आणि फोड आलेला खेळाडू पाय वाकडा टाकून गुडघा घालवतो, हे पटायला दोन महिने लागले.

आता ताई, तुमच्या लेकीच्या मार्गातली खरी अडचण. तिची बारावी आर्ट्स. प्रवेशाआधी जीवशास्त्र, रसायन, भौतिक, मानसशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया, एवढे विषय पदवीच्या पातळीवर झालेले लागतात. पदवीच्या पातळीवर हे महत्त्वाचं. बारावी सायन्स असती तरी ती धरली नसती. शारीरिक शिक्षणाच्या पदवीत शरीररचना, शरीरक्रिया आणि मानसशास्त्र असतंच. रसायन आणि भौतिक नसणार. गुणपत्रिकेचं विषयवार मूल्यांकन करून घ्या, नुसतं ‘पदवी समकक्ष आहे’ एवढं चालत नाही. अभ्यासक्रमाची छापील पुस्तिका आत्ताच मागून ठेवा. पास होऊन चार वर्षांनी ऑफिसात गेलं की बाबू म्हणतो, “वो वाला सिलेबस तो रद्दी में गया.”

राहिलेले विषय कसे भरायचे हे प्रत्येक कॉलेजला वेगळं विचारा. काही जण कम्युनिटी कॉलेजचे ऑनलाइन कोर्स धरतात, काही जण प्रयोगशाळेसकट मागतात. बहुतेक ठिकाणी अ‍ॅथलेटिक ट्रेनरच्या हाताखाली निरीक्षणाचे तासही मागतात. ग्वाल्हेरला असा ट्रेनर कुठून आणणार? मी तेव्हा मेल टाकून विचारलं, फिजिओकडचे तास चालतील का? दोघांनी हो म्हटलं, एकाने उत्तरच दिलं नाही.

व्हिसाचं थोडक्यात. हा विषय स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) धरत नाहीत, म्हणून शिक्षणानंतर कामाची मुभा एकच वर्षाची. त्या वर्षात विद्यापीठात नोकरी लागली तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत पडावं लागत नाही. शाळेत किंवा खासगी क्लिनिकमध्ये लागली तर पडावं लागतं. पगार, सरकारी आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये मध्यावरचा ट्रेनर वर्षाला सुमारे ५८ हजार डॉलर मिळवत होता. सॉफ्टवेअरवाल्या चुलतभावाला सांगू नका, तो हसेल. त्यात शनिवार-रविवार नाही, दिवाळी तर नाहीच.

इंदूरची_फिजिओ

तुमच्या आधीच्या प्रतिसादावर विचार करत होते. पहिल्या तीन मिनिटांचं मान्य, आम्हाला ते इतकं शिकवलं नाही. माझ्यासमोर एकदा कबड्डीपटूच्या मानेला लागलं होतं आणि चार जणांनी त्याला हातपाय धरून उचललं. मी ओरडले, कुणी ऐकलं नाही. फिजिओ म्हणजे सामना संपल्यावर कंबर चोळणारी, असाच समज.

पण म्हणूनच सांगते, ताई. तिथे शिकून तिथेच राहायचं असेल तर जरूर जाऊ द्या. परत यायचं असेल तर हातात इथलीही एक पदवी हवी. फिजिओथेरपीला बारावीत सायन्स लागतं, त्यामुळे तिला ती वाट बंद आहे, कळतं मला. दुसरं, इथेच तुमच्या गावात व्यायामशरीरक्रिया किंवा बायोमेकॅनिक्समध्ये एमएस्सी करता येतं. त्याने ती रुग्ण तपासू शकणार नाही, पण संघाबरोबर क्रीडाशास्त्राची माणसं आता घेतात. फिजिओचीच पदवी असती तर अमृतसरचं गुरू नानक देव किंवा दिल्लीचं जामिया, खेळाच्या एमपीटीसाठी (फिजिओथेरपीच्या मास्टर्ससाठी) मी डोळे मिटून सुचवलं असतं.

भटका_गोलकीपर

कॅनडा का नको? तिथे अ‍ॅथलेटिक थेरपिस्ट असतात, तेच काम. आणि मला वाटतं अमेरिकन बोर्डाचा कॅनडा, आयर्लंडशी करार आहे, एकीकडचा प्रमाणित माणूस दुसरीकडच्या परीक्षेला बसू शकतो.

ओहायोचा_लष्करकर

करार आहे, बरोबर. पण त्यासाठीही आधी तिथला मान्यताप्राप्त कोर्स करावाच लागतो. मागच्या दाराने कुठूनच जाता येत नाही.

परत येण्याबद्दल माझं मत. फिजिओ ताई कायद्याचं बोलल्या ते खरंच आहे. मी परत आलो तर फिजिओ म्हणून येईन, कारण ती पदवी माझ्याकडे आहे. तुमची लेक तशी येऊ शकणार नाही. तिला फ्रँचायझी संघात, एखाद्या अकादमीत ‘परफॉर्मन्स’ असलं काहीतरी नाव लावून काम मिळेल. काम हेच असेल, हुद्दा दुसराच. ज्याला हुद्दा महत्त्वाचा वाटतो त्याने या वाटेला जाऊ नये. आणि घर गहाण ठेवून तर मुळीच नको. कर्ज डॉलरमध्ये आणि पगार रुपयांत असं झालं तर फेडता फेडता पोरीचं मैदान सुटेल.

मी तिच्या जागी असतो तर पदवी पूर्ण केली असती, एक वर्ष इथेच एखाद्या चांगल्या स्पोर्ट्स फिजिओकडे तास भरले असते आणि त्याच वर्षात रसायन-भौतिक उरकलं असतं. वर्षभर रोज बर्फ वाहूनही हौस टिकली तर अर्ज.

लेले_काकू_बडोदा

+१. पुतण्याच्या बॅचमधले दोघे पहिल्या सत्रानंतर सोडून गेले. त्यांना वाटलं होतं स्टेडियममध्ये पुढच्या रांगेत बसायला मिळेल.

कंपूवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण घरात प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवायचा कार्यक्रम चालू होता. बाबा “किल्लीवाचून माणसं गेली आहेत” इथे थांबले आणि म्हणाले, परत वाच.

तिने स्वतः ठरवलंय ते सांगते. पदवी पूर्ण करणार. चौथ्या वर्षाबरोबर रसायनाची सुरुवात. शेजारच्या कॉलनीत रसायनाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडे सोमवारपासून. कोर्सचं नंतर बघू, निदान आवर्तसारणीची भीती तरी जाईल. इंदूरची फिजिओ ताई, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर तुमच्याकडे तास भरायला चालेल का? राहायची सोय माझ्या नणंदेकडे आहे, तिलक नगरला.

आणि एक. काल रविवारी लोहिया बाजारातून बारा बाय दहाची ताडपत्री आणली. संघातल्या पाच मुली गच्चीवर बोलावल्या. पेशंट बाबा. दोन लाद्या बर्फ फोडून ओतला, कडा धरून हलवायला लागल्या. बाबा चौथ्या मिनिटाला बाहेर. म्हणाले, उष्माघात परवडला.

ओहायोकर भाऊ, पाणी एका कोपऱ्यातून सारखं गळत होतं. कडा धरायची काही युक्ती आहे का?

ओहायोचा_लष्करकर

हा हा! काकांना सलाम सांगा.

डोक्याकडच्या बाजूला दोघी हव्यात, ती कडा सगळ्यात वर. एकीचं काम फक्त डोकं आणि मान पाण्याबाहेर धरणं, तिने ताडपत्रीला हात लावायचा नाही. म्हणजे पाच नाही, सहा जणी लागतील. आणि बारा बाय दहाची मोठी पडते, घडी घालून अर्धी करा, कोपरे आत दुमडा. बर्फ लादीने नको, आधी गोणपाटात घालून बारीक फोडून ठेवा, नाहीतर पाठीला टोचतो. काका चौथ्या मिनिटाला का उठले ते कळलं.

इंदूरची_फिजिओ

व्यनि पाहिला. चालेल. तिला म्हणावं येताना स्वतःचे बूट आण आणि ती ताडपत्रीही आण.